गाळलेलं कडवं

"सुनील उठंना झालाय. तू जरा येतोस का?" हातकणंगल्याला बँकेत होतो, तेव्हा त्याच्या आईचा, शालनमावशींचा, फोन आला. आवाज असा, जणू घरातला सिलिंडर संपलाय. मी कळंब्याला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय बंद पडलं, म्हणाले. चाळिशीही न गाठलेला माणूस... महिना होऊन गेला, तरी मला त्याचा रागच येतो. साध्या चहाला जायचं तरी चार फोन करणारा हा गडी, आणि जाताना एक शब्द नाही.

सुनील गिटार वाजवायचा आणि गायचा, मी बास गिटार वाजवायचो. कॉलेजात असताना कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून त्याला जमैकाचं रेगे सापडलं आणि तो बिघडला तो बिघडलाच. या संगीतात गिटार ठेक्यावर पडत नाही, दोन ठेक्यांच्या मधल्या जागेत पडते. बँजो पार्टीवर वाढलेल्या आमच्या लोकांना हे कसं पटावं? कार्यक्रम मध्येच थांबवून सांगायचे, "पावणं, ठेका चुकतोय की तुमचा!" सुनील हसून पुढं वाजवायचा. त्याला त्यातलं काय भिडलं होतं, ते एकदा रंकाळा तलावाच्या काठावर बोलला. "तिकडची पोरं आईवर गाणी म्हणत्यात रं. बाप सोडून गेल्यावर एकटीनं घर वढलेल्या आईवर. आपल्यात आई म्हटलं की नुसता देव्हारा."

त्याचे वडील तो तिसरीत असताना निघून गेले. मावशी शिरोलीच्या एका फौंड्रीत साच्यांत वाळू भरायचं काम करायच्या. नवरा गुजरातला नोकरीला आहे, असं त्यांनी गल्लीत सांगितलं आणि ते खोटं नेटानं सांभाळलं. दर दिवाळीला नवऱ्याच्या मापाचा शर्ट आणायच्या, शेजारच्या छायाला दाखवायच्या, "धाडून देते उद्या" म्हणायच्या आणि ट्रंकेत टाकायच्या. पुढं सुनील तेच शर्ट घालून स्टेजवर यायचा. खांद्यावरून उतरलेले, ढगळ. लोकांना वाटायचं, रेगेवाल्यांची फॅशन असेल.

आईवर त्यानंही एक गाणं केलं. गणपतीत त्यांच्याच गल्लीत म्हणायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी माझ्यासमोरच स्वयंपाकघराच्या दारात बसून त्यानं ते मावशींना ऐकवलं. त्या भाकरी थापत मान डोलवत होत्या. शेवटचं कडवं आलं...

दारात चपला दोन जोडी,
एक माझी, एक आईची,
तिसरी येईल म्हणून कधी
वाट न बघणाऱ्या बाईची.

मावशींचा हात थांबला. "मी एकटी हाय हे गल्लीला सांगाय तुला कुणी सांगितलंय?" एवढंच म्हणाल्या. आम्हाला जेवायला वाढलं, पण बोलल्या नाहीत. कार्यक्रमालाही आल्या नाहीत, पुढं कधीच आल्या नाहीत. सुनीलनं ते कडवं गाळलं. त्याची जागा मात्र तशीच ठेवली. तेवढ्या ओळी तो तोंड मिटून नुसती गिटार वाजवायचा. शब्द विसरला, असं लोक म्हणायचे.

अंत्यविधीच्या दिवशी बाप का आला नाही, असं कुणी विचारलं तर "गाडी मिळाली न्हाई" म्हणून सांगायचं, असं मावशींनी मला बजावून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. मी आता घरी कधीकधी बास काढतो. पण रेगेचा बास एकट्यानं वाजवायचा नसतो. दोन सुरांच्या मध्ये त्याची गिटार येणार म्हणून मी थांबतो, आणि ती येत नाही. मग मी बास ठेवून देतो. फार एकटं वाटतं.

गेल्या रविवारी कळंब्याला गेलो. मावशी म्हणाल्या, "त्येचं ते गाणं हाय का तुझ्याजवळ?" मोबाइलवर लावलं. शेवटी त्याचा आवाज थांबला, गिटार चालू राहिली.

"हितं गप का झाला?"

"तुम्ही नको म्हणाला होता ना, मावशी."

त्यांनी मोबाइल माझ्याकडं सरकवला. मग म्हणाल्या, "तू म्हण." माझा आवाज म्हणजे आनंदच. तरी गाणं परत लावलं आणि त्याच्या गिटारीवर ते कडवं म्हटलं, रडत रडतच. दार उघडं होतं. आवाजानं छाया आत आली. "कुणाचं गाणं हो, वैनी?"

"सुनीलचं," मावशी म्हणाल्या. "माझ्यावर केलंय. त्येचा बाप गुजरातला न्हवताच कधी. सोडून गेल्ता. एकटीनं वाढवला मी त्येला."

"ठावं हाय की आमास्नी," छाया हळूच म्हणाली. "पयल्यापास्नं ठावं हाय."

मावशी तिच्याकडं वळल्या. "मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस गं?"

"तुमी बोलला न्हाईसा, म्हून."