मिठाचा हिमालय

माझ्या लेकीच्या बोटांना सदा खळ चिकटलेली असे, आणि ती खळ शिजवायची माझी धाकटी जाऊ. शाळा सुटली की पोर दप्तर टाकून थेट काकूच्या खोलीत. जावेचं स्वतःचं बाळ पाळण्यात, आणि ही माझ्या मुलीला घेऊन काड्यापेट्यांची कपाटं, चिंचोक्यांचे ससे, सिगारेटच्या चंदेरी कागदाचे हंस करत बसलेली. मी चुलीपुढे पोळ्या लाटायची आणि भिंतीपलीकडून दोघींचं खिदळणं ऐकायची. पोटात दुखायचं माझ्या, सरळ सांगते. पोर माझी आणि लळा हिचा!

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तर कळसच. आमची आरास बघायला आळीतल्या बायका आवर्जून यायच्या. कैऱ्या किसायच्या मी, डाळ वाटायची मी, पन्हं करायचं मी, आणि कौतुक काय, तर "धाकटीच्या हातात कला आहे हो!" माझ्या डाळीत मीठ कमी पडलं, तेवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात यायचं.

एका वर्षी मी जाहीर केलं, यंदाची आरास मी करणार, माझ्या मुलीला घेऊन. जाऊ म्हणाली, "करा की, जाऊबाई." इतकं गोड म्हणाली की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझं माहेर घाटावरचं. तेव्हा पनवेलला रेल्वे नव्हती, एसटीनं घाट उतरून मी इथे नांदायला आले. उरणकडच्या मिठागरांतलं पांढरंशुभ्र मीठ दारावर टोपल्यांनी विकायला येतं, याचंच मला नवल. मनात आलं, गौरीमागे या मिठाचा हिमालय उभा करावा. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर खळ फासायची, वर मीठ थापायचं. पायथ्याशी हळद, कुंकू, नीळ कालवून मिठाचीच रंगीत बाग, आणि मध्ये कागदाची देवळं.

लेक रोज माझ्या मांडीला मांडी लावून बसू लागली. "आई, इथून नदी काढू या?" म्हणायची आणि खळीचा हात माझ्याच पदराला पुसायची. मी पोळ्या करपू दिल्या. जाऊ दारात येऊन उभी राहायची, काहीतरी बोलणार असं वाटायचं, मग पोरीकडे बघून निघून जायची. जळतेय, मी मनात म्हटलं. फार बरं वाटलं.

हळदीकुंकवाच्या दुपारी खाडीवरून वारा सुटला आणि माझ्या हिमालयाला घाम फुटला. मीठ पाझरलं, खळ सुटली, नीळ हळदीत उतरली, देवळं बसली, गौरीखालची साडी भिजली. पहिल्याच आलेल्या बाईनं गालावर बोट ठेवलं. "अगं बाई, उघडं मीठ? पनवेलच्या हवेत?" जावेनं मुकाट्यानं आपले हंस नि ससे आणले, ओलं बाजूला सारून मांडले. माझी पोर तिच्या हाताखाली भराभर धावत होती. कौतुक पुन्हा तिचंच झालं.

सगळ्या गेल्यावर मी तो चिखल टोपलीत भरायला बसले. लेक मदतीला आली.

"तुझ्या काकूला ठाऊक होतं," मी फणकारले. "माझी फजिती बघायची होती तिला. नाहीतर बोलली नसती?"

"मीच तिला नको सांगू म्हटलं," पोर म्हणाली. "मीठ पाझरतं ते मलाही ठाऊक होतं. पण तुला कळलं असतं तर तू सगळं टाकून पोळ्या करायला उठली असतीस."

मी खळीच्या हातांनीच तिला पोटाशी धरलं. माझ्याजवळ बसायची एवढी हौस होती पोरीला, आणि मला पत्ता नाही!

"मग काय करू म्हणून काकूला विचारलं," माझ्या कुशीतून ती सांगत होती. "ती म्हणाली, गप्प राहा आणि आईजवळ बसून घे."

म्हणजे माझ्याजवळ बसायचं कसं, तेही ती काकूलाच विचारून आली होती.