पालव सरांचे प्रोसेसर

आमच्या इन्स्टिट्यूटमधले जुने लोक भेटले की चहा येईपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा होतात. चहा आला की कोणीतरी पालव सरांचा विषय काढतं आणि चहा गार होतो. हे किस्से कोणी जमवले नाहीत. साचत गेले. काही मी स्वतः पाहिलेत, काही इतक्या वेळा ऐकलेत की आता तेही पाहिल्यासारखेच वाटतात.

मी म्हणजे टायपिंगची मॅडम. भाईंदर पश्चिमेला पहिल्या मजल्यावर आमचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. दोन हजार सालच्या सुमारास मालकांनी, म्हणजे आमच्या शेठनी, अर्धे टायपरायटर भंगारात काढले, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं आणि पलीकडे कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स सुरू केला. शिकवायला आले पालव सर. मूळचे रत्नागिरीचे, टीव्हीच्या कंपनीतून व्हीआरएस घेतलेले, वय बावन्न, दोन मुली शिकतायत.

शेठनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर सांगितलं, "पालवभाई, जिस दिन छोकरा लोग बोला के सर को नया नहीं आता, उस दिन मैं अंधेरी से जवान सर लाएगा."

सर म्हणाले, "बरोबर आहे." आणि कामाला लागले.

पण नवं थांबतंय कुठे! टायपरायटरच्या कळा माझ्या जन्माआधी जिथे होत्या तिथेच आहेत. पार्टिशनपलीकडे दर सहा महिन्यांनी सगळं बदलायचं. सर डबा खाताना पण कॉम्प्युटरची मासिकं वाचायचे. मला त्यांची काळजी वाटायची, खोटं कशाला बोलू.

* * *

सरांनी प्रोसेसरची वंशावळ भिंतीवर ऑइलपेंटने रंगवून घेतली. सगळ्यात जुना खाली, नवा त्याच्या वर. पेंटरने सुरुवातच छातीच्या उंचीवरून केली. म्हणाला, खालचं बेंचमुळे दिसत नाही. दीड वर्षात वंशावळ छताला टेकली.

पुढचा प्रोसेसर आला. सरांनी तो छतावर रंगवून घेतला. त्याच्या पुढचा पंख्याजवळ गेला. मग तो धडा आला की पंखा बंद करायचा आणि अख्खी बॅच माना वर करून नोट्स घ्यायची.

एका मुलाची आई मला विचारायला आली, "मॅडम, कोर्स लावल्यापासून याची मान धरतेय. कॉम्प्युटरमुळे असेल का हो?"

मी म्हटलं, "हो."

* * *

प्रोसेसरला हात लावण्याआधी सर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचे. अंगातला करंट उतरतो, पार्ट जळत नाही. हे त्यांनी पहिल्या बॅचला नीट समजावलं होतं. दुसऱ्या बॅचला सांगायचं राहून गेलं.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. पहिला मुलगा उठला, कॅबिनेटला हात लावला, तो कपाळाला लावला आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसरी मुलगी तर चप्पल काढून आली! परीक्षकांनी सरांना विचारलं, "हे काय चाललंय?"

सर म्हणाले, "पत्र्याला हात लागतोय ना? मग राहू दे."

* * *

रॅमची पट्टी असते, तिच्या खालच्या कडेला खाच असते. चुकीची पट्टी चुकीच्या जागी बसू नये म्हणून. नवी रॅम आली आणि खाचेची जागा बदलली. जिग्नेश नावाचा विद्यार्थी होता, त्याच्या पप्पांचा हाटकेशला डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवायचा गाळा. त्याने जुनी पट्टी घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी आणून नव्या मशीनमध्ये बसवली.

"सर, बघा! एकदम फिट!"

पठ्ठ्याने कानशीने घासून नवी खाच पाडली होती. मशीन चालू केली. आधी वास आला, मग धूर. सरांनी पट्टी गार होऊ दिली, भिंगाखाली धरली, बराच वेळ बघितली.

म्हणाले, "फिनिशिंग एक नंबर. मार्क शून्य."

* * *

समुद्रकाठच्या डोंगरी गावातून एक काका मुलासाठी चौकशी करायला आले. त्यांची स्वतःची मासेमारीची बोट. एकाच प्रोसेसरमध्ये दोन कोअर, अशी जाहिरात त्यांनी पेपरात वाचली होती.

"सर, म्हंजे डोकी दोन हायत?"

"हो."

"बोटीवर सुकाणू धरायला दोन तांडेल ठेवले तर बोट जाग्यावरच फिरेल. हिथं कोन कोनाचा ऐकतो?"

तोवर तसला प्रोसेसर सरांनीही फक्त मासिकातच पाहिला होता. जपून म्हणाले, "काम वाटून द्यायला ऑपरेटिंग सिस्टीम असते."

काकांनी मान डोलावली. "म्हंजे मालक किनाऱ्यावर बसलाय."

सरांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या बॅचला जसंच्या तसं शिकवलं. परीक्षेत अकरा मुलांनी लिहिलं.

* * *

आता हा शेवटचा.

ॲडमिशन कमी व्हायला लागल्या तशी शेठनी एका रविवारी पालकांसाठी डेमो ठेवला. सगळ्यात नवा प्रोसेसर आणि मदरबोर्ड स्वतः जाऊन आणले आणि कपाटात कुलूपबंद केले. सर दोन दिवस मागे लागले होते, "शेठ, एकदा उघडून बघू द्या." शेठ म्हणाले, "सील टूटा तो मजा क्या? मुहूर्त सब के सामने!"

रविवारी चाळीस माणसं. खोक्याला कुंकू, बाजूला नारळ. मागच्या रांगेत एक गोरा, तरतरीत मुलगा, गळ्यात मोबाइल. मी शेठना विचारलं, "हे कोण?" शेठ म्हणाले, "अंधेरी का सर. ऐसे ही देखने आया है."

पालव सरांनीही बघितलं त्याला. त्यांना कळलं.

तर सरांचं आवडतं वाक्य होतं, "प्रोसेसरला चारशे अठ्ठ्याहत्तर पिना असतात. एक वाकली, खेळ खलास." तेच म्हणत त्यांनी सील तोडलं, प्रोसेसर अलगद उलटा केला. खाली एकही पिन नव्हती! नुसते सपाट सोनेरी ठिपके.

शेठचा चेहरा बघवत नव्हता. अंधेरीचे सर गालात हसले. वाटलं, सरांनी काहीतरी थाप मारावी, डुप्लिकेट माल आहे म्हणावं, काहीही म्हणावं!

सर म्हणाले, "याला पिना नाहीत. मी असा प्रोसेसर आजवर हातात धरलेला नाही. पिना कुठे गेल्या, मला माहीत नाही. शोधूया."

आणि पहिल्या बाकावर वडिलांबरोबर बसलेल्या स्नेहल नावाच्या मुलीला बोलावून भिंग तिच्या हातात दिलं. दोघांनी खोक्यातला कागद वाचला. मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो तिथली काळी टोपी काढली. तिथे भिंग धरलं. मग स्नेहल ओरडली, "सर, पिना इकडे आहेत! मदरबोर्डमध्ये!"

सरांनी वाकून बघितलं आणि इतकंच म्हणाले, "अरे वा."

मशीन चालू झाली. शेठ मात्र अंधेरीच्या सरांना घेऊन खाली चहाला गेले. सरांनी आपले स्क्रू ड्रायव्हर पुसले, पिशवीत भरले आणि घरी गेले. मला रडू आवरेना.

सोमवारी सर पिशवी घेऊनच आले, पण खांद्यावरून उतरवली नाही. शेठ एक फॉर्म हातात धरून बसले होते. स्नेहलच्या ॲडमिशनचा. तिचे वडील बस डेपोत मेकॅनिक, फॉर्म त्यांनीच भरला होता. 'आमचे इन्स्टिट्यूट का निवडले?' या रकान्यात लिहिलं होतं, "सरांना येत नव्हते. त्यांनी तसे सांगितले."

शेठनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग फॉर्म सरांच्या हातात दिला. सरांनी चष्मा लावून वाचला, घडी घालणार होते, पण फॉर्म आहे म्हणून नाही घातली.

"शेठ, म्हणजे मी राहू का जाऊ?"

शेठ म्हणाले, "पहले ये बोलो, इस छोकरी को सुबह का बॅच देने का, के शाम का?"