गाडीचा उंबरा
देवदाराच्या फळीचा वास आला की मला आईचं पाऊल आठवतं. आईला क्षय झाल्याचं कळताच देहूरोडच्या घरमालकानं आम्हाला बाहेर काढलं, आणि दुसरं कुणी खोली देईना. वडील सुतार. शेजारच्या मेकॅनिक चाचांनी लढाईनंतर लष्करानं भंगारात काढलेली एक पिकअप चालती केली होती, ती त्यांनी आम्हाला दिली. तिच्यावर वडिलांनी दारूगोळ्याच्या रिकाम्या देवदारी खोक्यांची खोली उभारली आणि दाराला चांगला वीतभर उंबराही बसवला. "मिस्त्री, गाडीला उंबरा? मग तुळस काय बॉनेटवर लावणार?" चाचा हसले. "घर म्हटलं की उंबरा आलाच," वडील म्हणाले. त्याच गाडीतून आईला इस्पितळात न्यायच्या सकाळी, बाहेर तोंड धुऊन येताना ती गाडीला टेकवलेल्या फळीवरून कशीबशी वर चढली, पण उंबऱ्यापाशी तिचा पाय उचलेना. वडिलांनी करवत काढली. "घराचा उंबरा कापत्यात व्हय? धरा मला," आई म्हणाली, आणि आमच्या खांद्यांवर भार टाकून तिनं तो ओलांडला. इस्पितळातून ती परत आली नाही. आम्ही मात्र त्याच गाडीत राहिलो. त्या उंबऱ्यावर बसून मी अभ्यास केला आणि बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली.