दाजींचे कान

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आक्काचा फोन आला आणि मी दुकान तसंच उघडं टाकून निघालो. जालन्यात मस्तगडला माझं वायरलेसचं छोटं दुकान आहे. वॉकीटॉकी, त्यांच्या बॅटऱ्या, अँटेना, आणि कारखान्यांना लागणारे रिपीटर बसवणं, बिघडले तर दुरुस्त करणं, हाच धंदा. शेजारच्या कापडवाल्या शेठला ओरडून सांगितलं, "जरा ध्यान ठेवा हो," आणि गाडीला किक मारली. आक्का फोनवर रडली नाही, याचीच मला भीती वाटली होती. माझी ही थोरली बहीण दूध उतू गेलं तरी डोळ्याला पदर लावते. ती कोरड्या आवाजात म्हणाली, "तुझे दाजी सकाळधरनं मला सैपाकघरात उभं करून हळू हळू बोलायला लावून राह्यले. म्हणतेत, मला ऐकू येतं का बघ."

दाजी एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवतात. वितळलेल्या लोखंडाची बकेट उचलायची आणि ओतायच्या खड्ड्यापर्यंत अलगद न्यायची. वरच्या केबिनमधून खालचं धड दिसत नाही, धूर असतो, झगमगाट असतो. म्हणून खड्ड्याजवळचा गडी वॉकीटॉकीवर सांगत राहतो, घ्या, सोडा, थांबा. दसऱ्यानंतर कारखाना चालू झाला त्या दिवशी तो गडी "थांबा, थांबा" म्हणून ओरडला. दाजी थांबले नाहीत. बकेट खड्ड्याच्या काठाला लागली आणि उडालेलं लोखंड त्याच्या पायावर आलं. तीर्थपुरीकडचा तरणा माणूस, नुकतं लग्न झालेला. दवाखान्यात पडून होता आणि पायाचं काय होईल ते डॉक्टर पक्कं सांगेनात.

कारखान्यात मात्र सगळ्यांचं पक्कं झालं होतं. वॉकीटॉकी चालू होते ना? ऑफिसचं बोलणं दाजींना ऐकू येत होतं, गेटचं येत होतं, सुपरवायझरचं येत होतं. मग त्या एकाच माणसाचं कसं काय नाही आलं? म्हणजे एक तर हा क्रेनवाला वर झोपला असणार, नाहीतर एवढी वर्षं त्या धडधडाटात बसून कानाने गेला असणार. कारखान्याच्या शेठने क्रेन दुसऱ्याच्या हातात दिली आणि दाजींना कान तपासून यायला सांगितलं. तपासणीत काही उणं निघालं की संपलंच, ते पुन्हा त्या केबिनमध्ये चढणार नव्हते. लोक काय, जीभ उचलून टाळ्याला लावतात. पण दाजींना स्वतःलाच ते पटायला लागलं होतं, आणि त्याने माझं डोकं फिरलं. अहो, सणाच्या गडबडीत घरात मागच्या खोलीत कुणी कुजबुजलं तरी ज्यांना कळायचं, ते हे दाजी!

आणि रिपीटर माझ्या हातचा होता. तिथल्या शेड नुसत्या लोखंडाच्या, एका शेडमधला वॉकीटॉकी दुसऱ्या शेडमध्ये पोचत नाही. म्हणून ऑफिसच्या गच्चीवरच्या खोलीत मी रिपीटर बसवला होता. खालून कुणी बोललं की हे मशीन ऐकतं, आणि त्याच क्षणी तेच बोलणं जोर लावून सगळ्यांना ऐकवतं; एका शेडमधल्या दोघांचं बोलणंसुद्धा त्यातूनच जातं. मशीन ठीक असेल तर दाजी गेले. मशीन बिघडलं असेल तर दाजी सुटले. देवा, माझं मशीन सडलेलं निघू दे, असं म्हणत मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुठल्या कामाला चाललो होतो.

दाजींना मी फोन करून कारखान्यावरच बोलावलं होतं. ते गेटजवळ स्टुलावर बसले होते. एरवी मला पाहिलं की सगळ्या गेटला ऐकू जाईल असं ओरडतात, "आले आमचे इंजिनियर मेव्हणे! चहा सांगा रे, न्हाई तर घरी माझी भाकर बंद होईल!" आज नुसते उठून उभे राहिले. मी बोलायला लागलो तर माझ्या ओठांकडे बघत होते.

"असं नका बघू दाजी. तुमचे कान ठणठणीत हायत," मी म्हणालो.

"मंग त्याचा आवाज कुठं गेल्ता?" ते म्हणाले.

शेठही खाली आले. यांचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण पिढ्यान्‌पिढ्या जालन्यातच. मला म्हणाले, "बघा तुम्ही, जरूर बघा. पण नातं मधे आणू नका. जे असेल ते सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोरच दाखवतो," मी फाडकन बोललो. "आणि मशीनचा दोष निघाला तर माफीसुद्धा सगळ्यांसमोरच मागा."

सुपरवायझरला वॉकीटॉकी देऊन मी क्रेनच्या केबिनमध्ये चढवलं. आधी ऑफिसच्या दारातून बोललो. त्याने वरून हात हलवला, साफ ऐकू येतंय. मागे उभे असलेले दोघंतिघं एकमेकांकडे बघून हसले. मला ते हसू दिसलं. मी शेडमध्ये गेलो, खड्ड्याच्या पलीकडे, त्या गड्याच्या नेहमीच्या जागेवर उभा राहिलो आणि बटण दाबून म्हणालो, "थांबा, थांबा, बकेट थांबवा." वरून हात हलला नाही. परत बोललो. ओरडलो. सुपरवायझर कानाला वॉकीटॉकी लावून नुसता इकडेतिकडे बघत होता. खाली आल्यावर म्हणाला, "एकदा 'थां' असं काहीतरी आलं. मंग नुसती खरखर."

"बघा शेठ!" मी शेड दणाणून सोडली. "आता यांचे पण कान तपासायला पाठवा! पाठवा की!"

दाजी माझ्याजवळ आले. "म्हंजे माझे कान बराबर हायत?"

"बिलकुल बराबर."

त्यांनी गळ्यातल्या टॉवेलमध्ये तोंड खुपसलं आणि तसेच उभे राहिले. खांदे हलत होते. मला इतका आनंद झाला होता की मी त्यांच्या पाठीवर धपाधप थापा मारत होतो, मोठे आहेत हेही विसरून. तिथेच थांबायला पाहिजे होतं मी. पण काम अर्धवट टाकवत नाही, आणि शेठने विचारलंच, "मशीनला झालं तरी काय?"

सगळी वरात गच्चीवर आली. रिपीटरच्या कपाटाचं दार उघडलं तर आत सुकलेली झेंडूची माळ, दारावर कुंकवाचं स्वस्तिक, हळदीची बोटं. खंडेनवमीची पूजा. त्यात नवल काहीच नव्हतं. आपल्याकडे नवमीला कारखान्यातलं पाना-पक्कडसुद्धा पूजेवाचून राहत नाही. आदल्या दिवशी प्रत्येक जण आपलं मशीन घासतो, पुसतो, तेलपाणी करतो, ढिले नट आवळतो आणि मग माळ घालतो. मी माळ बाजूला केली आणि खालचा डबा बघितला.

रिपीटरमध्ये एक फिल्टरचा डबा असतो. मशीन एकाच अँटेनावरून ऐकतं आणि त्याच वेळी बोलतंही. मधे हा डबा नसेल तर स्वतःच्याच आवाजाने ते बहिरं होतं. जवळचा दणकट आवाज तेवढा आत येतो, लांबचा बारीक आवाज मरतो. डब्याच्या डोक्यावर स्क्रूच्या लांब दांड्या असतात. कुठली किती वर ठेवायची ते मी मीटर लावून, श्वास रोखून ठरवलेलं होतं. कुणी बघितलं तर त्याला वाटेल, अरे, हे स्क्रू बाहेरच राहिले की. इथे सगळेच्या सगळे खाली टेकेपर्यंत पिळलेले होते. वर तेलाचा हात, आणि एकेका स्क्रूवर कुंकवाचा ठिपका.

माझा तोल गेला. "कोण हा गाढव?" मी ओरडलो. "कुणाच्या हाताला खाज सुटली होती? अरे, जे कळत नाही त्याला हात कशाला लावता? त्या बिचाऱ्याचा आवाज इथे, ह्या डब्यात मेला! ज्याने हे पिळलं त्याने त्याचा पाय भाजला, ऐकताय का? त्याला आणा माझ्यापुढे!"

शेठ माळेकडे बघत होते. पूजेतून एकही मशीन सुटता कामा नये, असं तेच दरवर्षी सांगतात, हे मला नंतर कळलं.

"म्या," दाजी म्हणाले.

मला वाटलं, ते काही दुसरंच सांगताहेत.

"म्याच पिळले. ह्या मशीनला कोणी वाली न्हाई. भट्टीवाले भट्टी पुसतेत, क्रेनवाले क्रेन. म्हणलं, मेव्हण्याच्या हातचं हाय, हे काय म्हून उपाशी ऱ्हावं? चौकीदाराकडून किल्ली घेतली. स्क्रू लई वर आल्ते. म्हणलं, ढिले झाले, पडतील." त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "चांगले ताकद लावून पिळले."

बोललेलं तोंडात परत घेता येत नाही. "दाजी, तुम्हाला काय माहीत," असं काहीबाही पुटपुटलो. सुपरवायझरने मान फिरवली. शेठ हलक्या आवाजात म्हणाले, "जाणूनबुजून थोडंच केलं. उद्यापासून क्रेनवर या." दाजींनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आक्का. सकाळपासून जीव मुठीत धरून बसली असणार. मी कठड्याशी जाऊन फोन घेतला.

"काय निघालं रे? जल्दी सांग."

"मशीन खराब होतं आक्का. दाजींचे कान एकदम चांगले हायत. त्यांचा काही एक दोष न्हाई." आता ती रडायला लागली, मोठ्याने, नेहमीसारखी.

दाजी माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांनी हात पुढे केला. मी मानेने नको म्हणालो. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, ओढला नाही, नुसता काढून घेतला.

"रडू नको. ऐक," ते म्हणाले. "मशीन चांगलं होतं. म्या बिघडवलं, पूजेच्या दिवशी. तो गडी ओरडल्ता, ते खरं हाय." पलीकडून आक्का काहीतरी विचारत राहिली. दाजी हं, हं करत होते. मग म्हणाले, "न्हाई, तू नको येऊ. दवाखान्यात त्याच्या बायकोला मी एकटाच सांगतो. त्या दोघांचा डबा तेवढा बांधून ठेव."