ललिताबाईंच्या अक्षता

आमच्या शेजारच्या गोदावरीवहिनी मीठसुद्धा धुऊन वापरतात, असं त्यांचे यजमान रेणुकादासराव म्हणतात. ते शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे लोकांना त्यांचं सगळंच खरं वाटतं. मिठाचं मला ठाऊक नाही, पण गुळाची ढेप नळाखाली धरलेली मी या डोळ्यांनी पाहिलीय. भाजीवाल्याकडून आलेली सुटी नाणी तुळशीजवळच्या वाटीत बुडतात. गल्लीतलं कुत्रं फाटकातून नुसतं डोकावलं तरी पायरीवर बादली ओतली जाते. आपणही देवाधर्माचं करतोच, मी काही नावं ठेवत नाही. पण वहिनींचं सोवळं म्हणजे निराळीच चीज.

अशा घरात मांजर शिरलं ते मागच्या नवरात्रात. ललितापंचमीला वहिनी घटावर माळ बांधत होत्या, आणि एक भुरकी मांजरी सरळ देवघरात येऊन घटासमोर बसली. हाकलायला उचललेला हात वहिनींनी जोडला. मांजराला आणि माशीला विटाळ नसतो, असं त्यांच्या सासूबाई सांगून गेलेल्या. झालं. नाव ललिता, झोपायला देव्हाऱ्याखाली लाल खणाची घडी आणि सकाळच्या दुधाची पहिली वाटी. रेणुकादासराव तिला ललिताबाई म्हणतात. "घरात माझ्यापेक्षा मान मोठा आहे," म्हणतात, "एकेरीत कसं बोलावं?"

दिवाळी उलटली तशी वहिनींना खाज सुटली. पोटऱ्यांवर लाल पुटकुळ्या. सहस्रनाम म्हणताना एक हात माळेवर, एक पोटरीवर. आधी डासांवर आळ घेतला, मग साबणावर, मग नव्या साडीच्या खळीवर.

वैष्णवी, त्यांची एकुलती लेक, इथंच नांदेडच्या कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "आई, पिसवा असतील. ललिता बघ ना, कशी सारखी खाजवून राहिली."

"माझ्या घरात पिसवा?" वहिनी कडाडल्या. "अगं, माझ्या घरात यायचं तर पिसवेलासुद्धा आधी आंघोळ करावी लागंल!"

पण वहिनींची खरी तळमळ खाजेची नव्हती. वैष्णवीनं तिशी ओलांडली होती. कुणाला ती उंच वाटली, कुणाला तिचा पगार मुलापेक्षा जास्त वाटला, आणि एकदोघांना तिनंच परत पाठवलं. हळदीकुंकवाला गेलं की बायका विचारायच्या, "काय गोदावरीबाई, यंदा तरी लाडू?" वहिनी हसून वाण घ्यायच्या आणि घरी येऊन माझ्या ओट्यावर रडायच्या. शेवटी त्या माहूरला जाऊन आल्या. रेणुकाआईपुढं पदर पसरला, "आई, पोरीच्या अक्षता एकदा डोळ्यांनी बघू दे."

आणि पुढच्याच शुक्रवारी सकाळी भिंतीवरून हाक आली, "अहो, या लवकर! आईनं कौल दिला!"

मी तशीच ओल्या केसांनी गेले. ललितेच्या लाल खणावर तांदळाचे दाणे पडलेले. बारीक, किंचित पिवळसर, हळद लावल्यासारखे. वहिनींच्या डोळ्यांतून धारा. "अक्षता बघू दे म्हणले होते ना? बघा! अन् कुणाच्या आसनावर? ललितेच्या!"

रेणुकादासराव चष्मा पुसत म्हणाले, "रेशनचा तांदूळ असेल. उंदरानं आणला असेल."

"मांजर असताना उंदीर? गणित शिकवायचे म्हणे!"

रावांनी वाकून पाहिलं आणि दचकून मागं सरले. "अगं, ही एक हलून राहिली!"

खरंच, एक पांढरा ताजा दाणा हळूच आखडत होता, पसरत होता. माझ्या अंगावर काटा आला. वहिनींनी मात्र नमस्कार केला. "हलणारच. जागृत स्थान आहे ते."

त्यानंतर मधून मधून अक्षता पडतच राहिल्या. गुळाची ढेप धुणाऱ्या बाईनं त्या तशाच, न धुता, चांदीच्या करंड्यात भरल्या. देवीचा प्रसाद धुतात का? गल्लीत दोन-दोन दाणे वाटले. मी माझे अन्नपूर्णेच्या वाटीत तांदळांत ठेवले. देगलूरकडच्या कमलम्मांनी पुडी बांधून पर्समध्ये ठेवली, पैसा येतो म्हणून.

आणि खरंच स्थळ आलं! लातूरचं. मुलगा सर्वेश, शिरूर अनंतपाळला डॉक्टर. सांगताना वहिनी 'डॉक्टर' मोठ्यानं म्हणायच्या आणि 'जनावरांचा' घशात. वैष्णवीनं स्वच्छ सांगून टाकलं होतं, "आई, हे शेवटचं हं. यानंतर मी कुणासमोर बसणार नाही." त्यामुळे पाहुणे यायच्या दिवशी वहिनी त्याच कपबश्या चौथ्यांदा धूत बसल्या होत्या. मदतीला म्हणून मीच मुरमुऱ्यांचा सुशीला फोडणीला टाकला.

मायलेक आले. मुलगा सावळा, शांत, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्याची आई भरल्या अंगाची, गालात हसणारी. पाणी दिलं, खुशाली झाली, आणि वहिनी उठल्या. "आधी प्रसाद." करंडा उघडला, चिमूटभर अक्षता मुलाच्या डोक्यावर टाकल्या. त्याच्या आईनंही डोकं पुढं केलं, तिच्याही टाकल्या. वर दोन दाणे तिच्या हातावर ठेवले. ती ते कपाळाला लावून तोंडात टाकणार इतक्यात मुलगा म्हणाला, "आई, थांब."

त्यानं भुवईवर अडकलेला एक दाणा बोटावर घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "काकू, या कुठून आणल्या?"

"आणल्या नाहीत. आल्या."

"घरात मांजर आहे का?"

वहिनींनी नवऱ्याकडं विजयानं पाहिलं. "बघा! सांगितलंसुद्धा नव्हतं. ओळखलं!"

"खाजवते का फार?"

"कोण, मी?"

"मांजर, काकू."

"दोघी," दारातून वैष्णवी म्हणाली. "काय आहे ते खरं सांगा."

मुलानं एकदा आईकडं पाहिलं. आईनं डोळ्यांनीच 'नको रे बाबा' म्हटलं. पण तो सांगून बसला. "हा तांदूळ नाही. मांजराच्या पोटातला जंत आहे. लांब फितीसारखा असतो, त्याचे तुकडे सुटून मागच्या बाजूनं बाहेर पडतात. ताजा असला की हलतो, वाळला की असा दाणा होतो. पिसवांतून येतो तो. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं, पिसवेच्या पोटात जंताचं पिलू असतं."

वहिनींनी करंड्यात पाहिलं. मग लाल खणाकडं, देव्हाऱ्याकडं. "मागच्या बाजूनं," एवढंच म्हणाल्या आणि ताडकन न्हाणीघरात गेल्या. आतून बादलीवर बादली ऐकू यायला लागली. मधूनच हुंदका, "मोडलं गं बाई! माझ्या हातानं मोडलं!"

राव पुटपुटले, "पाण्याची टाकी संपेल."

मुलगा घाईनं म्हणाला, "घाबरू नका हो. डोक्यावर पडून काही होत नाही. पिसूच गिळली तर गोष्ट वेगळी."

त्याची आई तळहात लांब धरून उठली. मला वाटलं, निघाल्या आता लातूरला. त्या मला म्हणाल्या, "ताई, त्या बाहेर आल्या की माझा नंबर लावा. आणि एक धुतलेलं लुगडं मिळंल का?"

थोड्या वेळानं स्वयंपाकघरात काय दृश्य! दोन्ही आया ओल्या केसांनी, दोघी वहिनींच्याच सुती पातळांत, पाटावर समोरासमोर. वहिनी मान वर करायला तयार नाहीत. लातूरच्या बाईंनी सुशीलाचा घास घेतला आणि म्हणाल्या, "रडू नका हो. तुमच्याकडं एकदा झालं, माझ्याकडं रोज हाय. याच्या खिशातून डबी निघती, डबीत गोचिडं. फ्रीजमध्ये लोणच्याशेजारी ठेवतो, तपासायचं म्हणून. मागं एका ठिकाणी मुलगी बघायला गेलो, तर हा त्यांच्या कुत्र्याचा कान उलटा करून बसला. म्हणे, आत खरूज हाय. त्यांनी चहासुद्धा दिला न्हाई. आज गाडीत शपथ घातली होती, जंताचं नाव काढू नको म्हणून."

वहिनींच्या तोंडून हसू फुटलं, ते थांबेना. हसता हसता पोटरी खाजवली. बाईंनीही खाजवली.

बाहेर बैठकीत वैष्णवी ललितेला धरून बसली होती आणि सर्वेश कंगव्यानं पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवत होता. "गोळी वजनावर द्यायची," तो सांगत होता. "मानेवर औषधाचे थेंब टाकायचे, अंथरूण गरम पाण्यातून काढायचं. पिसवा गेल्या नाहीत तर जंत परत येणार."

"गिळली नाही तर गोळी?"

"ते तुम्हाला जमेल. धरलंय छान."

त्यावर वैष्णवी लाजली. एवढ्या वर्षांत मी तिला लाजताना पहिल्यांदा पाहिलं. मी आत जाऊन वहिनींच्या कानात सांगितलं, मग घरी धावले आणि अन्नपूर्णेची वाटी आधी रिकामी केली.

कौलाचं काय, असं मी पुढं कधीतरी विचारलंच. वहिनी वाती वळत होत्या. "अक्षता दाखव म्हणले, आईनं दाखवल्या. कुठून दाखवायच्या ते मी कुठं सांगितलं होतं?" ललिता पायाशी झोपलेली, गुबगुबीत, अंगावर एक पिसू नाही. खण मात्र आता रोज उकळतो.

लग्न नांदेडातच झालं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी वहिनी स्वतः अक्षता वाटत फिरल्या. तांदूळ तीनदा धुऊन वाळवलेला. शेजारी कमलम्मा तळहात दिव्याकडं धरून बारीक डोळे करून बघत होत्या. मी त्यांना कोपरानं ढोसलं, "देवाचं कार्य आहे हो, असं बघू नये."

मग हळूच मीही मूठ उघडली. हलत नव्हत्या.