कपडे वाळेपर्यंत

जगात कुठेही गेलं तरी तिथे काढून टाकण्यासारखं काहीतरी असतंच, यावर आमच्या भाऊजींइतका ठाम विश्वास असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. ते माझ्या ताईचे यजमान. कारध्याला राहायचे. कोणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत त्यांची नजर भिंतीवरून फिरत असे आणि जिच्यावर काही टांगलेलं नाही अशी खुंटी, ज्यानं काही लागत नाही असं बटन, जे उघडत नाही असं कुलूप त्यांना बरोबर सापडे. "मास्तर, हे कायले ठेवलं जी?" असं ते मला विचारत. मी सानगडीच्या शाळेत मराठी शिकवतो, म्हणून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. माझ्या उत्तराची वाट न पाहता ते खिशातून पेचकस काढत. तो पेचकस लग्नाच्या कोटातही होता, असं ताई सांगते. लग्नपत्रिका हातात आली तरी पेन्सिलीनं तिच्यातल्या नको त्या ओळी खोडून उरलेली मला दाखवत. बहुधा वर, वधू, तारीख आणि गाव एवढंच उरे.

या स्वभावाला त्यांनी एक मोठं काम शोधलं होतं. पोटापुरती नोकरी ते घरी बसून करत, पण जीव होता तो एका मोफत संगणकप्रणालीत. जगभरची माणसं ती आपापल्या घरून लिहितात आणि तिचं सगळं लिखाण कोणालाही वाचता येतं. संगणकातलं ग्राफिक्स कार्ड पडद्यावर चित्र उमटवतं. त्याला बाकीच्या संगणकाचं म्हणणं कळावं म्हणून मधे एक दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. अशा एका जुन्या ड्रायव्हरची साफसफाई भाऊजींकडे होती. वर्षानुवर्षं साचलेल्या ओळी ते काढत आणि संध्याकाळी, शेतातलं तण काढून आलेला माणूस जसा हात धुतो, तसे हात धूत. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

बंद प्रोग्राम, म्हणजे ज्यांचं आतलं लिखाण कंपनी कोणाला दाखवत नाही ते, त्यांच्या मनातून उतरलेले होते. आत काय आहे ते जो सांगत नाही त्याचं आपण काही देणं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. आईनं लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण सांगायला नकार दिला, तेव्हा या तत्त्वाला जागून त्यांनी आमच्याकडे दोन उन्हाळे लोणचं खाल्लं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात खाल्लं.

त्यांच्यातला पहिला बदल आमच्याच मागच्या अंगणात झाला. भिंतीतून आरपार गेलेली एक गंजकी खुंटी त्यांनी उपटली आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून काहीतरी चिखलात पडल्याचा आवाज आला. शेजारच्या आजीनं तिच्या बाजूनं दोरी आणून त्या खुंटीला बांधली होती, किती वर्षांपूर्वी ते तिलाही आठवत नव्हतं. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. नुकतेच धुतलेले कपडे गोळा करत आजी भिंतीवरून पाहून म्हणाली, "भिंत तुमची, खुटी तुमची, जावईबापू. पन कपडे तं माहे होते नं." आवाज चढवून बोलली असती तर भाऊजींनी वाद घातला असता. ती फक्त म्हणाली आणि कपडे पुन्हा धुवायला गेली.

तेव्हापासून त्यांनी चिठ्ठीची पद्धत काढली. नको वाटलेल्या वस्तूला ते चिठ्ठी बांधत: "हे काढायचं आहे. कोणी वापरत असल्यास सांगावे." वर्षभर कोणी काही बोललं नाही तरच वस्तू जाई. कारध्याच्या घरात एके काळी पाटा, मोडकी बाज, जिन्याखालचा पंखा, सगळ्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या होत्या. ताई प्रत्येकीखाली "मी वापरते" असं लिहून टाकायची. पंखा तर चालतही नव्हता. "कशी वापरतेस?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा "पाहते त्याच्याकडे" असं तिनं सांगितलं. पंखा राहिला.

ड्रायव्हरमध्येही त्यांनी हीच पद्धत नेली. काढायच्या ओळींपाशी सूचना लिहून ठेवली आणि त्या ओळी कुठे वापरल्या गेल्या की संगणकाच्या नोंदीत ती उमटेल अशी सोय केली. वर्षभर कोणाचं पत्र आलं नाही. त्यांनी ओळी काढल्या, हात धुतले आणि पुढच्या रविवारी ताईसाठी कोशाच्या रेशमाची साडी घ्यायला आंधळगावला गेले. मीही होतो.

विणणाऱ्या बाई एकट्याच होत्या. त्यांचे यजमान करवतकाठी साड्यांचे काठ संगणकावर आखायचे. ते वारल्यावर बाई ते काठ पडद्यावर उघडत आणि त्यातली चौकोनी घरं मोजून मागावर धागे लावत. काठ आखायचा प्रोग्राम बंद जातीचा होता आणि तो करणारी कंपनीही केव्हाच बुडाली होती. भाऊजींना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की संगणकावर प्रणाली आपलीच आहे, पण गेल्या वर्षीची. साडीची घडी होईपर्यंत त्यांनी आपली ताजी, स्वच्छ प्रणाली तिच्यावर चढवली आणि कौतुकाच्या अपेक्षेनं उभे राहिले. बाईंनी काठ उघडला. चौकट आली, पण आत सगळं काळं.

"सकाळी दिसत होतं, भाऊ," बाई म्हणाल्या. "आता काहून दिसत नाही?"

भाऊजी खाली बसले. जुन्या नोंदी उघडून पाहिल्या, तर त्यांचीच सूचना तिथे वर्षभर रोज उमटत होती; काठांचा प्रोग्राम नेमका त्या काढलेल्या ओळींवर चालत होता. ज्या नोंदी कोणी उघडत नाही, तिथे त्यांनी चिठ्ठी बांधली होती. परतताना त्यांनी मोहाडीला गाडी थांबवली. म्हणाले, "मास्तर, भिंतीच्या पलीकडं पुन्हा पाहायचं राहिलं नं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळी परत आणल्या आणि मग भांडण सुरू झालं. आतलं लिखाण न दाखवणाऱ्या एका प्रोग्रामसाठी, एका बाईसाठी, सगळ्यांनी हे ओझं का वाहायचं? या ओळींमुळे नवं काम अडतं आहे. त्यांच्या सोबत्यांपैकी एक परदेशी गृहस्थ सर्वांत कडक होते. गंमत म्हणजे भाऊजींचं मतही तेच होतं. त्यांनी उत्तरात आजीचं वाक्य इंग्रजीत करून पाठवलं, ते कोणालाच कळलं नाही, आणि मग खुंटी, दोरी, जावई हे सगळं समजावणारं लांबलचक पत्र लिहावं लागलं. अनावश्यक एक शब्द न लिहिणाऱ्या माणसाचं ते सर्वांत लांब लिखाण असावं. शेवटी तोड निघाली. जुन्या ओळी मुख्य वाटेतून उचलून एका वेगळ्या फायलीत ठेवायच्या, वाट साफ करायची आणि त्या फायलीची देखभाल भाऊजींनी करायची. बाईंचे सगळे काठ प्रोग्रामातून निघून कागदावर येईपर्यंतच ती ठेवायची. एकेक काठ पडद्यात मावत नसे. तुकड्यातुकड्यानं चित्र घेऊन, जोडून, कागदावर छापावा लागे. दर रविवारी ते आंधळगावला जाऊ लागले.

पौषात दोन दिवसांच्या दुखण्यात ते गेले. चार काठ राहिले होते.

त्यांचं टपाल पाहायचं काम ताईनं मला दिलं. उन्हाळ्यात त्या कडक गृहस्थांचं पत्र आलं की फायलीची देखभाल करणाऱ्याकडून बरेच दिवस उत्तर नाही, फाईल काढायची आहे, कोणी वापरत असल्यास सांगावे. भाऊजींचीच चिठ्ठी परत आली होती. ताई म्हणाली, "लिही, वापरते म्हणून." मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत कळवलं की ते वारले आहेत, बाई अजून वापरतात, चार काठ बाकी आहेत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आधी दुःखाच्या दोन ओळी होत्या आणि खाली एवढंच: कपडे वाळेपर्यंत खुंटी राहील.

मग रविवारी ताई आणि मी जाऊ लागलो. तुकडे जोडायला ती माझ्याहून लवकर शिकली. चौथा काठ मागच्या रविवारी झाला. बाईंनी कागद मागाशेजारी धरून घरं मोजली, दोनदा मोजली, आणि म्हणाल्या, "बराबर आहे. आता ते बंद झालं तरी चालते, भाऊ."

तेव्हा आता मला त्या गृहस्थांना पत्र लिहायचं आहे. कपडे वाळले, एवढंच. भाऊजी असते तर त्यांनी ते आंधळगावहूनच पाठवलं असतं आणि हात धुतले असते. त्या फायलीच्या माथ्यावर देखभाल करणारा म्हणून त्यांचं नाव आहे. ती गेली की तेही जाईल. मी आज ओळ लिहून ताईला दाखवली. तिनं चष्मा लावून वाचली. बरोबर आहे म्हणाली. मग जिन्याखालच्या पंख्याकडे पाहत म्हणाली, "धाड. पन आजचा दिस राहू दे."