तपासेबाई आणि बेचाळीस डिझाइनं

बाईंचं आडनाव गायकवाड, पण कारखान्यात त्यांना सगळे तपासेबाई म्हणत. नवा माणूस तर तेच खरं आडनाव समजायचा. दिवसातून पंचवीस वेळा त्या विचारायच्या, "तपासलं का?" आपण "हो" म्हटलं की मान वर न करता पुढचा प्रश्न यायचा, "कशावरून?" त्या दुसऱ्या प्रश्नाने माझं डोकं उठायचं.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये आमच्या शेठचा एम्ब्रॉयडरीचा कारखाना होता. नव्वदनंतर लगेचच त्यांनी कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीनं आणली. कागदावरचं डिझाइन एकेक टाका ठरवत कॉम्प्युटरमध्ये चढवायचं, ते फ्लॉपीवर घ्यायचं आणि फ्लॉपी मशीनला लावायची. या चढवण्याला आम्ही पंचिंग म्हणायचो. ते माझं काम. मी बेलवलीहून यायचो, बाई अंबरनाथ पश्चिमेहून. डिझाइनं सांभाळणं हे त्यांचं काम. एक लोखंडी कपाट, त्यात फ्लॉप्यांचे डबे, आणि टेबलावर एक जाडजूड रजिस्टर.

फ्लॉपी दोन मिनिटांसाठी हवी असली तरी त्यात सही. परत दिली की पुन्हा सही. एकदा शेठचा पुतण्या आला आणि म्हणाला, "वो नया बॉर्डर दिखाओ ना, ग्राहक बैठा है." बाईंनी शेठची चिठ्ठी मागितली. पुतण्या तणतणत वर गेला आणि प्रत्यक्ष शेठच खाली आले.

"दीदी, मालिक मैं हूँ."

"म्हणूनच सही करा, शेठ. डिझाइन बाहेर फुटलं तर पहिली चौकशी मला तुमची करावी लागेल."

शेठ हसत सही करून गेले. मला मात्र हसू आलं नाही, कारण माझ्या फ्लॉपीसाठी चार मशीनं तेवढा वेळ थांबली होती आणि बोलणी मी खाणार होतो. बाईंचं म्हणणं एका अर्थी खरंच होतं. आमच्या गल्लीत एखादं बॉर्डर चाललं की आठवड्यात तेच समोरच्या दुकानात दिसायचं. पण खरं असलं म्हणून काय माणसाला इतकं छळायचं?

पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी धरायची, म्हणून प्रत्येक डब्यात त्या तांदळाची पुरचुंडी ठेवायच्या आणि दर सोमवारी सगळे तांदूळ बदलायच्या. कॉम्प्युटरचा पासवर्ड दर महिन्याच्या एक तारखेला बदलायच्या आणि तो कुठेही लिहू द्यायच्या नाहीत. मी एकदा तो विसरलो. बाई डबा उघडून जेवायला बसल्या होत्या.

"बाई, पासवर्ड सांगा ना."

"आठव."

भाकरी संपेपर्यंत त्यांनी मला तसंच बसवून ठेवलं. वर प्रत्येक नवं डिझाइन आधी पांढऱ्या कापडावर शिवून, नंबर घालून एका वहीत चिकटवायचं हा आणखी एक जाच. "अहो, कॉम्प्युटरमध्ये आहे ना ते!" मी वैतागून म्हणायचो. "असू दे," म्हणून त्या डिंकाची बाटली पुढे सरकवायच्या.

पण सगळ्यात जास्त राग मला शनिवारचा यायचा. आठवडाभराच्या डिझाइनांच्या शनिवारी वेगळ्या फ्लॉप्यांवर प्रती काढायच्या. त्या मी काढायच्या, बाईंनी एकेक उघडून बघायची आणि रजिस्टरमध्ये "तपासले" लिहून सही करायची. बेलवलीच्या मैदानात आमची मॅच सुरू झालेली असायची आणि इकडे फ्लॉपी ड्राइव्ह कुरकुरत बसलेला.

त्या वर्षी दिवाळीआधी बाईंच्या सासूबाईंना हॉस्पिटलात ठेवलं. पाच शनिवार बाई दुपारीच धावतपळत निघाल्या. जाताना रजिस्टर पुढे ओढून म्हणाल्या, "विलास, प्रती काढतोयस ना?"

"काढतोय, बाई."

त्यांनी सही केली. "कशावरून?" हे तेव्हा त्यांनी विचारलं नाही. पाचही वेळा नाही. आणि मी कोऱ्या फ्लॉप्यांवर सुरेख अक्षरात लेबलं लिहिली, डब्यात ठेवली आणि मॅचला गेलो. सोमवारी काढू, असं दर वेळी खरोखरच मनात असायचं.

सहाव्या आठवड्यात कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसली. दुरुस्तीवाल्याने कानाला लावून ती हलवली आणि मान हलवली. शेठ निर्धास्त होते. "दीदी के पास कॉपी है." नवी डिस्क बसवल्यावर बाईंनी डबा आणून एकेक फ्लॉपी लावली. कोरी. दुसरी कोरी. मशीनवरच्या फ्लॉप्या आम्ही पुसून पुन्हा वापरायचो, त्यांतही काही उरलं नव्हतं. त्या पाच आठवड्यांत दुबईच्या ग्राहकासाठी केलेली बेचाळीस डिझाइनं गेली होती.

शेठनी रजिस्टर उघडलं. "ये साइन किसका है?"

मी डब्यातल्या लेबलांकडे बघत राहिलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "न तपासता केली."

दुसऱ्या दिवसापासून बाईंना दोऱ्यांच्या गोदामात बसवलं आणि कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात आल्या.

मला वाटलं, निदान आता तरी सुटका. कसली सुटका! जेवणाच्या सुट्टीत बाई ती कापडांची वही घेऊन हजर. शिवलेला नमुना बघून डिझाइन पुन्हा चढवता येतं, हे त्यांनीच शेठना पटवलं होतं. त्या भिंगातून टाके मोजून सांगायच्या, मी चढवायचो. "पानाचं टोक वळतंय तिथे चुकलास. उसव." अधिकार काही उरलेला नाही, आणि तरी उसव! मला ओरडावंसं वाटायचं. त्याहून जास्त वाटायचं की बाईंनी एकदा माझ्यावर ओरडावं. त्या टाक्यांपलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. चार महिन्यांनी बेचाळिसावं डिझाइन मशीनवर नीट उतरलं आणि त्याच आठवड्यात बाईंनी राजीनामा दिला. बदलापूरच्या एका शाळेच्या ऑफिसात त्यांना पुढच्या महिन्यापासून काम मिळालं होतं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली, कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, खाटेवर बऱ्या झालेल्या सासूबाई. बाईंनी चहा ठेवला.

"बाई, ती लेबलं..."

"माहीत आहे. कोरी फ्लॉपी काय आपोआप लेबल लिहून घेते?"

"मग शेठना बोलला का नाहीत?"

"सही माझी होती, ते सांगितलं. तुझं तू सांगायचं होतंस." त्यांनी कप पुढे केला. "तुझ्या बहिणीचं लग्न ठरलेलं, त्यात नोकरी गेली असती. म्हटलं, सांगेल सवडीने."

मी जिना उतरलो तो त्यांच्यावर चिडूनच. चार महिने रोज दुपारी ही बाई माझ्या शेजारी बसली, मी कधी तोंड उघडतो याची वाट बघत, आणि मला पानाचं टोक उसवायला लावत होती! एकदा नुसतं विचारलं असतं तरी मी बोललो असतो. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

सोमवारी कपाटातलं माझं सामान पिशवीत भरलं आणि वर जाऊन शेठना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "दीदी को मालूम था?"

"हो."

शेठ दुपारी स्वतः रिक्षा करून अंबरनाथला गेले. संध्याकाळी एकटेच परत आले. "नहीं आती," एवढंच म्हणाले. मला त्यांनी कामावरून काढलं नाही. मी खाली आलो, पिशवीतलं सामान पुन्हा कपाटात लावलं आणि बाईंच्या खुर्चीवर बसलो. चार महिने ती खुर्ची माझीच होती, पण मी स्टूल ओढून काम करत होतो.